मंडळाची कीर्द अशी ठेवा

गावातलं शेतकरी मंडळ मोडायला लाखाची अफरातफर लागत नाही; पन्नास रुपयांचा मेळ बसला नाही तरी पुरतं. खजिनदार प्रामाणिक असतो, पण हिशेब त्याच्या डोक्यात आणि चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात. सदरा धुतला की हिशेबही धुतला!

म्हणून शंभर पानी वही आणा. पानांना आधीच आकडे घाला, म्हणजे पान फाडलं तर कळतं. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. तारीख, नाव, कारण, पावती नंबर व रक्कम त्याच दिवशी लिहावी. चुकलं तर खोडरबर नको; एक रेघ मारून शेजारी सही करा.

समजा, मंडळाकडे फवारणीचा पंप आहे. मागील शिल्लक १,२४० रुपये. वीस सभासदांची वर्गणी १,००० आणि पंपाचं भाडं ३०० मिळून झाले २,५४०. पंपदुरुस्ती ४५०, सतरंजी ६००, चहा ९० असा खर्च १,१४०. शिल्लक १,४०० हवी. बँकेत १,००० आहेत, पेटीत ३५० निघाले. पन्नास कुठे गेले? कोणी एस. टी. भाड्यासाठी उचल नेलेली असते, लिहायची राहिलेली असते. त्याच बैठकीत विचारलं तर आठवतं. दिवाळीनंतर विचारलं तर भांडण होतं.

खरा घोळ होतो अनामतीचा. पंप नेताना कोणी २०० रुपये ठेवले, तर ते कीर्दीत जमा करा. पण ते मंडळाचं उत्पन्न नव्हे, देणं आहे. पंप परत आला (धुऊन आणला आहे ना, तेही पाहा!) की पैसे परत. म्हणून शेवटच्या पानावर अनामती नावानिशी वेगळ्या मांडा. त्यातच सतरंजी घेतली, तर परत करायला पुन्हा वर्गणी मागावी लागते. पेटीतले पैसे बँकेत भरले, तर तो खर्च नव्हे, पैशाची जागा बदलली. कबूल केलेली देणगी हाती येईपर्यंत जमेला धरू नका.

फोनवरून येणारे पैसे खजिनदाराच्या खासगी खात्यात नकोत, मंडळाच्या खात्यात घ्या. खातं दोघांच्या सहीनं चालवा.

दर बैठकीत शिल्लक मोठ्याने वाचा, पेटी सर्वांसमोर मोजा व अध्यक्षांची सही घ्या. ज्याच्याकडे पेटी, त्याच्याकडे वही नसावी हे उत्तम. लहान मंडळात ते जमत नसेल, तर निदान पावती पुस्तक चिटणिसाकडे द्या.