पठारावरच्या सरड्यांची मोजदाद

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर सरडे मोजायचे, तर ठरावीक लांबीच्या पट्ट्यांतून सावकाश चालत दोन्ही बाजूंना दिसलेला प्रत्येक सरडा नोंदवतात. काम कंटाळवाणं, पण शिस्त मोडली तर आकड्यांना अर्थ उरत नाही. इथला ‘सरडा सुपर्बा’ ही वेगळी जात असल्याचं 2016 साली जाहीर झालं. विणीच्या काळात नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो, तेव्हा तो शोधावा लागत नाही. पाली मात्र रात्री विजेरीच्या उजेडात, कपारी धुंडाळून सापडतात. काही जाती इतक्या सारख्या दिसतात, की बोटांखालच्या पट्ट्या मोजाव्या लागतात. तरी शंका राहिलीच तर डीएनए तपासतात.

अशा मोजणीतून अनपेक्षित गोष्टीही कळतात. चाळकेवाडीत पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले आणि सरडे वाढलेले, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ते सरडे माणूस बराच जवळ आल्यावरच पळायचे. संख्या वाढली म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही: त्यांची अंगकाठी खालावलेली होती आणि नरांचे रंगही फिके पडले होते.