मठ, मद्य आणि मूळकथा

वनौषधी वा हेझलनटसारखी कवचफळे यांपासून सिद्ध होणाऱ्या युरोपीय गोड मद्यांभोवती, म्हणजे लिक्यूरभोवती, मठीय उगमाची कथा बहुधा गुंफलेली आढळते. या उगमकथांचे स्वरूप मात्र एकसारखे नाही.

फ्रान्समधील शार्त्रझची परंपरा संहितेवर उभी आहे. १६०५ मध्ये कार्थुसियन साधूंना दीर्घायुष्यदायी अर्काचे हस्तलिखित मिळाले; त्यावरून १७३७ मध्ये ग्रेनोब्लजवळील मुख्य मठात औषधी अर्क सिद्ध झाला. सुमारे १३० वनस्पतींची ही कृती आजही मोजक्या साधूंनाच ज्ञात असते. १९०३ मध्ये फ्रान्समधून हद्दपार झालेल्या साधूंनी स्पेनमधील तारागोना येथे तिचे उत्पादन चालू ठेवले. स्थान बदलले, संहिता टिकली.

बेनेडिक्टीन हे मद्य मात्र १८६३ मध्ये अलेक्झांद्र ल ग्रां या व्यापाऱ्याने घडविले. फेकाँचा मठ राज्यक्रांतीतच लयास गेला होता. सोळाव्या शतकातील साधूची कथा मद्यासोबत प्रसृत झाली. १९७०च्या दशकातील फ्रांजेलिको या इटालियन हेझलनट मद्यात तर बाटलीलाच साधूची कफनी व कमरेची दोरी लाभली. पहिल्यात मठ हा कर्ता, दुसऱ्यात कथानक, तिसऱ्यात केवळ वेष.

आल्फोन्स दोदे यांच्या फादर गोशेविषयीच्या कथेत अर्कामुळे दरिद्री मठ संपन्न होतो आणि तो करणारा साधू मद्यासक्त होतो. तरी मठ उत्पादन थांबवीत नाही. पावित्र्य विक्रेय झाल्यावर त्याची किंमत कोण मोजतो, हा मूळकथांनी झाकलेला प्रश्न येथे उघड होतो.