सोवळ्यातले रॉक : मुंबईचे स्वतंत्र बँड आणि अभिरुचीची कुंपणे

मुंबईत रॉक आणि तत्सम संगीत वाजवणाऱ्या स्वतंत्र बँडांच्या वर्तुळात गेली चार दशके अभिरुचीचे एक सोवळे पाळले गेले आहे. कोणी दुसऱ्यांची गाणी वाजवतो, कोणी हिंदीत गातो, कोणी चित्रपटाला चाली देतो, अशा कारणांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कलावंत ओवळे ठरले. आणि हे निवाडे संगीताच्या परिभाषेत दिले गेले असले, तरी त्यांच्या मुळाशी पैसा, भाषा आणि शहराचा भूगोल होता, असे या इतिहासाकडे बारकाईने पाहिले असता दिसते. 'इंडी' हे संक्षिप्त नाव येथे रूढ अर्थाने घेतले आहे : चित्रपटाच्या किंवा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मागणीवरून न चालता, आपली गाणी आपणच रचून बहुधा आपल्याच खर्चाने लोकांपुढे आणणारे वादक आणि गायक.

अभिरुची ही केवळ वैयक्तिक आवड नसून समाजातील आपली जागा दाखवण्याचे आणि राखण्याचे साधन असते, हा सिद्धांत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ साली विस्ताराने मांडला आणि अशा जाणतेपणाच्या साठ्याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटले. पुढे १९९५ साली सेरा थॉर्नटन यांनी ब्रिटनमधील नृत्यक्लबांचा अभ्यास करताना तरुणांच्या छोट्या वर्तुळांत चालणाऱ्या अशाच भांडवलाला 'उपसांस्कृतिक भांडवल' असे नाव दिले. कोणता बँड इतरांच्या आधी ऐकला, कोणता नापसंत केला आणि तो लोकप्रिय होताच कसा सोडून दिला, यांवर ते मोजले जाते. मुंबईतील वर्तुळाला हे वर्णन अधिकच लागू पडते, कारण खरे भांडवल तेथे जवळपास नव्हते. बँडवर घर चालत नसे. वादक नोकरी करीत किंवा जाहिरातींची जिंगल्स वाजवीत, आणि जेथे वाटून घेण्यासारखी मिळकत नाही तेथे मान हेच चलन होते आणि त्यावरूनच भांडणे होत.

या वर्तुळाचे पहिले मोठे व्यासपीठ म्हणजे धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९७८ साली सुरू झालेली 'जॅझ यात्रा' तेथेच भरली आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरवलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या कार्यक्रमामुळे, म्हणजेच 'आय-रॉक'मुळे, ते रॉकचे पीठ बनले. त्या काळात बहुतेक बँड 'कव्हर' वाजवीत, म्हणजे परदेशी बँडांची प्रसिद्ध गाणी जशीच्या तशी सादर करीत, आणि त्यात कमीपणा तर नव्हताच, उलट प्रतिष्ठा होती. परदेशी ध्वनिमुद्रिका सहज मिळत नसत, कॅसेटवरून कॅसेट उतरवून घ्यावी लागे, स्वरलिपी छापील स्वरूपात हाती येत नसे. त्यामुळे एखादे अवघड गिटारवादन केवळ कानाने ऐकून बिनचूक बसवणे ही खरोखरच कमाई होती. वाद्यांच्या बाबतीतही तेच. आयात करामुळे अमेरिकी गिटार आवाक्याबाहेर असे, जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाकडून तारा मागवल्या जात, आणि देशी बनावटीची 'गिव्हसन' गिटार हाती असलेल्याने परदेशी गिटार बाळगणाऱ्याशी बोलताना आवाज थोडा खाली ठेवावा अशी रीत होती. या सगळ्याला केवळ दिखाऊपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या दिखाऊपणातूनच कानाची एक कडक शिस्त तयार झाली.

१९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या बँडने १९८८ आणि १९९० साली स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचे अल्बम काढले, तेव्हा ही मूल्यव्यवस्था हलू लागली. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या बँडने १९९३ साली 'इंडस क्रीड' असे नाव घेतले, तेव्हा एक आडवा प्रश्नही उभा राहिला : ज्याचा ठेका, पोशाख आणि उच्चार अटलांटिकपलीकडचे आहेत, त्या संगीतात भारतीयपणा नेमका कोठे शोधायचा? नाव बदलल्याने प्रश्न सुटला नाही, पण तो विचारणे मान्य झाले. त्याच सुमारास उपग्रह वाहिन्यांमुळे मूळ परदेशी बँड घरातल्या पडद्यावर दिसू लागले आणि हुबेहूब नक्कल करणाऱ्याची गरज ओसरली. १९९३ साली अलाहाबादेतून अमित सैगल यांनी सुरू केलेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक आणि त्याच्याशी जोडलेला 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सव स्वतःच्या रचनांचा आग्रह धरीत असल्यामुळे 'ओरिजिनल' हा शब्द गुणवत्तेचा शिक्का झाला. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्या कौशल्यावर टाळ्या पडत, तेच आता 'कव्हर बँड' या दोन शब्दांत निकालात काढले जाऊ लागले. हुकूम बदलला तरी हुकूम देणारा वर्ग तोच राहिला, ही गोष्ट मात्र फारशा कोणाच्या लक्षात आली नाही.

चित्रपटाविषयीचे सोवळे सर्वांत कडक होते आणि सर्वांत पोकळही. हिंदी चित्रपटसंगीताला हिणवणे हा या वर्तुळाचा जणू प्रवेशविधी होता. वस्तुतः ज्या शहरात गोव्याहून आलेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या वादकांनी अनेक दशके चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले, तेथे रॉक आणि चित्रपट यांच्यात भिंत कधीच नव्हती. एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा जिंगल्सच्या मार्गाने शंकर महादेवन यांच्यासह चित्रपटांत आले. १९९४ साली स्थापन झालेल्या 'पेंटाग्राम'चे गायक विशाल ददलानी बँड न सोडता शेखर रावजियानींबरोबर चित्रपटांना संगीत देऊ लागले. अशा वादकाला 'विकला गेला' म्हणणे सोपे होते. मात्र तसे म्हणणाऱ्यांपैकी कितींचे घरभाडे वडील भरीत होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नसे. २००८ साली अभिषेक कपूर यांच्या 'रॉक ऑन' या चित्रपटाने मुंबईच्याच रॉक बँडची गोष्ट हिंदी गाण्यांतून सांगितली आणि रॉक इंग्रजीतच शोभते हा दावा तिकीटखिडकीवर मोडीत निघाला. धातुकर्कश 'मेटल' वाजवणाऱ्या बँडांनी तर त्याआधीच या गांभीर्याची टर उडवायला सुरुवात केली होती. एका बँडचे नावच 'भयानक मौत' होते.

रंगभवन बंद पडण्याचे परिणाम याहून खोल गेले. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' मानला जात असे, आणि रंगभवनाच्या आसपास तर महाविद्यालय, शाळा आणि कामा रुग्णालय अशी गर्दीच होती. त्यामुळे तेथील कर्ण्यांचे कार्यक्रम थांबले. नियम रास्त होता. पण त्यानंतर हे संगीत बंदिस्त, वातानुकूलित आणि मद्य विकणाऱ्या जागांत शिरले, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१ तर कडक दारूसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा असल्यामुळे अशा जागांचा हिशेब महाविद्यालयीन मुलांवर बसणारा नव्हता. बदलापूरहून किंवा विरारहून काळा टी-शर्ट घालून लोकलने येणाऱ्या आणि स्वस्त तिकिटावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या श्रोत्याची जागा पगारदार श्रोत्याने घेतली. 'टाऊन' आणि 'सबर्ब' हा भेद पूर्वी बोलण्यात होता, तो आता दारावरच्या रकमेत आला.

या काळातील सर्वांत प्रतिष्ठित जागा म्हणजे डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात उघडलेले आणि २०१६ साली बंद झालेले 'ब्लू फ्रॉग'. उत्तम ध्वनियोजना आणि नव्या रचनांना मिळणारा मोकळा वाव यांमुळे या क्लबचे ऋण मोठे आहे. तरीही तो ज्या रस्त्यावर होता त्याला कामगार नेते ना. म. जोशी यांचे नाव आहे, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ज्या गिरण्यांची धडधड थांबली त्यांच्याच पोटात ही नवी संगीतसृष्टी वसली, हा तपशील तिच्या समीक्षेत क्वचितच येतो. याच गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या 'लाल बावटा कलापथका'ने स्वतःच रचलेली गाणी डफावर आणि तुणतुण्यावर म्हटली होती. चित्रपटाबाहेरचे, कंपनीबाहेरचे, स्वरचित आणि व्यवस्थेला प्रश्न विचारणारे संगीत ही इंडीची व्याख्या घेतली, तर शाहिरी तिच्यात तंतोतंत बसते. पण अभिरुचीच्या नकाशावर ती 'लोककला' या वेगळ्या आणि काहीशा धुळकट खान्यात ठेवली गेली.

भीमगीतांचे, म्हणजे दलित वस्त्यांतून डॉ. आंबेडकरांविषयी गायल्या जाणाऱ्या गाण्यांचे, उदाहरण याहून बोलके आहे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप आणि त्यांच्या मागून आलेल्या गायकांनी वस्त्यावस्त्यांतील सामन्यांतून, म्हणजे दोन गायनपार्ट्यांच्या रात्रभर चालणाऱ्या सवाल-जवाबांतून, आणि पुढे कॅसेटींतून एक संपूर्ण वितरणव्यवस्था उभी केली. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या शेजारी गाण्यांच्या कॅसेटी आणि नंतर सीडी विकल्या जात. श्रोत्यापर्यंत थेट पोहोचण्याची जी युक्ती इंडी बँड नंतर शोधत राहिले, ती या गायकांनी केव्हाच अमलात आणली होती. इंग्रजी माध्यमांच्या संगीतपानांना या बाजाराची दखल घ्यावीशी वाटली नाही, आणि त्या दुर्लक्षात केवळ भाषेचे अंतर होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अभिरुचीच्या आडून जात येथे उघडपणे काम करताना दिसते.

बेंजो पार्टीच्या वाट्याला तर दोन्हीकडून उपेक्षा आली. बेंजो हे बुलबुलतरंगाचे मुंबईतील विजेवर चालणारे रूप. त्याचे मूळ १९१२ च्या सुमारास जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो या कळा दाबून वाजवायच्या तंतुवाद्यात आहे. कर्णे आणि ढोल-ताशे यांच्या साथीने ते गणपतीच्या मिरवणुकीत, कोळीवाड्यांत आणि हळदीच्या रात्री वाजते. वादक 'सुपारी' घेतात, म्हणजे विसार घेऊन तारीख पक्की करतात. पथकाचे नाव टी-शर्टवर असते, चाहते असतात, दोन पथकांत चुरस असते आणि हंगामाचे पैसे रोख मिळतात. स्वावलंबनाच्या कसोटीवर शहरातील कोणताही इंडी बँड यांच्या जवळपास येत नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तो गोंगाट वाटतो, इंडी श्रोत्याला त्यात चित्रपटगीतांची नक्कल दिसते. मात्र ओळखीची चाल पाच वाद्यांच्या गर्दीत कशी फिरवायची, कोठे लय दुप्पट करायची आणि नाचणाऱ्याला कोठे दम घेऊ द्यायचा, याची जाण हा रचनेचाच भाग आहे, हे ऐकायला कोणी थांबत नाही.

या कुंपणाला खरे खिंडार रॅपने पाडले. कुर्ल्याच्या नेझीचे 'आफत' २०१४ साली आले, त्यानंतर डिव्हाइन यांच्याबरोबरचे 'मेरे गली में' २०१५ साली आले, आणि २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने हे गल्लीतले रॅप घरोघरी नेले. त्याच वर्षी 'स्वदेशी' या समूहाने आरे वसाहतीतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' काढले, आणि जंगलतोडीविरुद्धचा मराठी आवाज प्रथमच इंडीच्या मुख्य चर्चेत शिरला. ठेका तयार करायला संगणक आणि ध्वनिमुद्रणाला फोन पुरत असल्याने जुन्या गिटारींची उतरंड येथे लागू होत नव्हती. मात्र काही वर्षांतच या रॅपच्या वर्तुळानेही आपले स्वतःचे सोवळे निर्माण केले : कोण खरोखर चाळीत वाढला, कोणाच्या बोलीत गल्ली आहे आणि कोणी ती चित्रपट पाहून शिकली, यांची छाननी सुरू झाली, आणि पूर्वी धारावीचा पत्ता लपवावा लागे तसा आता वांद्र्याचा पत्ता सांगताना गायक अडखळू लागले.