फ्री किक आणि पंचाची दुसरी शिटी

फुटबॉलच्या सामन्यात पंचाची शिटी वाजली की पाहणाऱ्याला वाटते, खेळ थांबला. आता पंच येतील, जागा दाखवतील, बचाव करणाऱ्यांची भिंत मागे सारतील, पुन्हा शिटी देतील आणि मगच चेंडू मारला जाईल. पण एखादा चलाख खेळाडू तेवढा वेळ थांबत नाही. चेंडू जमिनीवर ठेवतो न ठेवतो तोच मारतो, आणि चेंडू थेट जाळ्यात! मग एकच गिल्ला होतो. “आम्ही तयार नव्हतो!” “दुसरी शिटी कुठे झाली?” शाळाशाळांच्या सामन्यांत हा वाद निघाला म्हणजे त्याचा निवाडा करण्याची पाळी बहुधा कोणा शिक्षकावरच येते. तेव्हा अशा वेळी नियम काय सांगतो, हे नीट समजून घेतलेले बरे.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करा. फ्री किक ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दिलेली भरपाई आहे. आता बघा, आगळीक करणारा पुष्कळदा कशासाठी करतो? समोरच्याची चढाई मोडावी आणि आपल्या गड्यांना मागे यायला वेळ मिळावा, यासाठीच. मग पंचाने दर वेळी भिंत उभी राहीपर्यंत खेळ अडवून धरला, तर आगळीक करणाऱ्याला हवे होते तेच त्याच्या पदरात पडेल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातलाच हा प्रकार! म्हणूनच फ्री किक लगेच मारण्याची मुभा नियमाने ठेवली आहे. बहुतेक फ्री किकना दुसऱ्या शिटीची गरजच नसते. बचाव करणारे तयार आहेत की नाहीत, हे पाहण्याचे बंधनही पंचावर नाही.

अर्थात मनाला येईल तसा चेंडू मारून चालत नाही. चेंडू स्थिर हवा आणि आगळीक झाली त्या जागी हवा. घरंगळता चेंडू मारला, तर पंचाने किक पुन्हा घ्यायला लावावी.

मग दुसरी शिटी केव्हा लागते? पंचाने स्वतः मध्ये पडून खेळ अडवला असेल तेव्हा. मारणाऱ्याने अंतर मागितले आणि पंच भिंत मागे सारू लागले, कोणाला कार्ड दाखवायचे आहे, कोणी जखमी आहे, अथवा खेळाडू बदलायचा आहे, अशा वेळी शिटी होईपर्यंत चेंडूला पाय लावता येत नाही. थोडक्यात, वाटा दोन आहेत. खेळाडूने झटपट मारावे, किंवा पंचाने थांबवून शिटीवर मारायला लावावे. सारे भांडण होते ते पंच कोणत्या वाटेवर आहेत हे खेळाडूंना न कळल्यामुळे.

याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडमधले आहे. १२ डिसेंबर २००४ रोजी लंडनमध्ये आर्सेनल आणि चेल्सी यांचा सामना होता. आर्सेनलला फ्री किक मिळाली. पंच ग्रॅहम पोल यांनी थिएरी हेन्रीला विचारले, लगेच मारणार की अंतर मोजून हवे? हेन्रीने लगेच मारायचे ठरवले. चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेक भिंत लावण्यात गुंतला होता, तोवर चेंडू गोलात गेला. चेल्सीने तक्रार केली, पण गोल कायम राहिला. पंचांनी आधी विचारून घेतले होते, यातच त्यांच्या निर्णयाचे बळ होते.

आपल्या देशातले उदाहरण याहून कडू आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात झाला. नियमित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत सुनील छेत्रीला फ्री किक मिळाली आणि केरळचे खेळाडू जागा घेत असतानाच त्याने ती मारून गोल केला. पंचांनी गोल दिला. केरळच्या प्रशिक्षकांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला, तो परत आलाच नाही. बेंगळुरूला विजयी ठरवले गेले आणि केरळची तक्रार फेटाळली गेली. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केरळ संघाला ४ कोटी रुपये दंड केला व प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली. त्या गोलाविषयी आजही दोन मते ऐकू येतील. पण मैदान सोडून गेल्याने जादा वेळेतला उरलेला खेळ आणि बरोबरी साधण्याची संधी, दोन्ही हातची गेली, हे मात्र सर्वांनाच मान्य करावे लागेल.

आता अंतराची गोष्ट. प्रतिपक्षाने १० वार, म्हणजे ९.१५ मीटर, दूर राहिले पाहिजे. पण मारणाऱ्याने स्वतःच घाई केली आणि जवळच असलेल्या प्रतिपक्षाच्या गड्याने चेंडू अडवला, तर खेळ चालू राहतो. घाईचा धोका ज्याचा त्याने पत्करायचा. मात्र कोणी मुद्दाम चेंडूसमोर उभा राहून किकच मारू देत नसेल, तर तो खेळ लांबवतो आहे. त्याला पिवळे कार्ड दाखवलेच पाहिजे. एक जण मागे हटता हटता चेंडूच्या आड आला, दुसरा हटून आडवा झाला. हा फरक पंचाच्या नजरेने टिपला पाहिजे.

कार्डाबाबत २०१९ मध्ये एक सुधारणा झाली, तीही याच न्यायाने. एरवी कार्ड दाखवल्यावाचून खेळ सुरू करता येत नाही. पण पंचाने कार्डाची कारवाई सुरू केली नसेल आणि झटपट फ्री किकने गोलाची स्पष्ट संधी मिळत असेल, तर खेळ चालू द्यायचा आणि कार्ड पुढे खेळ थांबेल तेव्हा दाखवायचे. हेतू हाच, की शिक्षेच्या खटपटीत भरपाई बुडू नये.

गावच्या मैदानावर पंच होणाऱ्या शिक्षकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. आगळीक होताच निर्णय द्यावा आणि झटपट मारण्याच्या वाटेत स्वतः उभे राहू नये. आणि एकदा मध्ये पडायचे ठरले, की शिटी उंच धरून सर्वांना दाखवावी व मारणाऱ्याला मोठ्याने सांगावे, “शिटीवर!” असे सांगितल्यावर कोणी आधी मारले, तर गोल झाला तरी किक पुन्हा घ्यायला लावावी.

आणि मुलांना सामन्याच्या आधीच समजावून द्यावे, बरे का, की आपल्याकडून आगळीक झाली, तर हात वर करून पंचाशी वाद घालत बसू नये. पाठ न फिरवता आधी चेंडूकडे बघावे. तक्रार सामना संपल्यावरही करता येते, पण गेलेला चेंडू काही परत येत नाही.