नाव सरदाराचं, हात दुसऱ्यांचे

गॅस बंद केल्यानंतरची तीन-चार मिनिटं. प्रालीन जमणार की बिघडणार, हे तेवढ्या वेळात ठरतं. जाड बुडाच्या पातेल्यात साखर, दूध, लोणी आणि पिकानचा मगज यांचा तांबूस पाक असतो. दोन मिनिटं त्याला निवू द्यायचं आणि मग लाकडी चमच्याने घोटायला घ्यायचं. सुरुवातीला पाक काचेसारखा चमकतो, चमच्यावरून सरसर ओघळतो. घोटत राहिलं की चमचा जड होत जातो. मग पाकाची तकाकी मावळते आणि कडेला पांढरट रवा धरायला लागतो. तो दिसला की थांबायचं नाही. भराभर एकेक चमचा बटर पेपरवर घालायचा. थोडी घाई झाली तर वड्या पसरतात आणि चिकट राहतात. थोडा उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो.

नारळाच्या वड्या केलेल्या कुणालाही हा क्षण सांगायची गरज नाही. आपल्याकडे त्याला शब्द आहेत: कडा सुटल्या, मिश्रण आळलं, गोळा फिरायला लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या न्यू ऑर्लीन्स शहरात, हाच क्षण दोनशेहून अधिक वर्षं बायकांनी हाताच्या अंदाजाने पकडला. त्या शहराची ओळख झालेली ही मिठाई म्हणजे प्रालीन. ते नाव ज्याचं आहे, त्याचा हात मात्र तिला कधी लागलेला नाही.

ते नाव एका फ्रेंच सरदाराचं. सतराव्या शतकातल्या मार्शल दु प्लेसी-प्रालँ याच्या मुदपाकखान्यातल्या क्लेमाँ लासान्य नावाच्या माणसाने अख्खे बदाम साखरेत परतून त्यांच्यावर खडबडीत कवच चढवलं आणि पदार्थाला धन्याचं नाव मिळालं, अशी कथा फ्रान्समध्ये सांगतात. माँतार्जी गावात ते साखरबदाम आजही विकले जातात. बेल्जियममध्ये प्रालीन म्हणजे सारण भरलेलं चॉकलेट. न्यू ऑर्लीन्सची प्रालीन या दोन्हींहून निराळी. ती तळहाताएवढी चपटी वडी असते. मऊ, रवाळ, दाताखाली आधी विरघळणारी आणि मग मगज लागणारी.

फ्रेंचांनी १७१८ साली न्यू ऑर्लीन्स वसवलं. १७२७ साली तिथे उर्सुलाइन पंथाच्या जोगिणी आल्या आणि साखरबदामाची रीत त्यांच्यासोबत आली, असं मानतात. पण न्यू ऑर्लीन्स ज्या प्रांतात आहे, त्या लुईझियानाच्या दमट हवेत बदाम पिकत नव्हता. नदीकाठच्या रानात दुसरंच झाड मुबलक होतं, पिकान. अक्रोडाच्या कुळातलं, पण फळ लांबट आणि कवच गुळगुळीत. पिकान हा शब्द अल्गॉन्क्विन भाषाकुळातल्या मूळ रहिवाशांचा. दगडाने फोडावं लागणारं फळ, असा त्याचा अर्थ. गावातल्या स्वयंपाकघरांत बदामाची जागा पिकानने घेतली. पुढे पाकात दूध, साय, लोणी आलं आणि फ्रेंच साखरबदामाची क्रिओल, म्हणजे तिथल्या मिश्र संस्कृतीतली, वडी झाली.

रानातल्या पिकानची मोठी अडचण अशी की बी लावून आलेलं झाड आईसारखं फळ देत नाही. एखाद्या झाडाचं फळ मोठं, पातळ कवचाचं निघतं, पण त्याचं बी पेरलं तर निराळंच काहीतरी हाती येतं. हापूसची कोय रुजवून हापूसच मिळेल याची खात्री नसते, तसंच. उपाय एकच, कलम. पिकानचं कलम धरता धरत नव्हतं. ए. ई. कोलोम नावाच्या गृहस्थांनी एका उत्तम झाडावर प्रयत्न केले, ते साधले नाहीत. मग त्यांनी त्या झाडाच्या काड्या नदीकाठच्या ओक ॲली या मळ्यावर पाठवल्या. तिथे अंत्वान नावाचा माळी होता. तो गुलाम होता. १८४६-४७ च्या हंगामात त्याने सोळा झाडांवर कलमं बांधली आणि ती धरली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत त्या मळ्यावर अशी सव्वाशेच्या वर झाडं उभी राहिली. १८७६ साली फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं. तिथे या झाडांच्या फळांची वाहवा झाली आणि वाणाला नाव मिळालं ‘सेंटेनियल’, म्हणजे शताब्दी. पिकानची व्यापारी बागायती कलमांवर उभी आहे आणि तिच्या मुळाशी अंत्वानचा चाकू आहे. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद किमतीसह आहे. आडनाव नाही.

ओक ॲली हा पिकानचा मळा नव्हता, उसाचा होता. म्हणजे प्रालीनमधली साखर आणि मगज, दोन्ही एकाच मातीतून आणि एकाच प्रकारच्या वेठीतून आलेले. १७९५ मध्ये एत्येन द बोरे याने लुईझियानात रवाळ साखर व्यापारी प्रमाणावर काढून दाखवली आणि नदीकाठ उसाखाली गेला. रस आटवायला उघड्या काहिलींची रांग असे. गुलाम माणसं लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून दुसरीत उपसत. आपल्या गुऱ्हाळाची काहील डोळ्यांसमोर आणा. तशा ओळीने मांडलेल्या, हंगामभर रात्रंदिवस धगधगणाऱ्या काहिली, आणि शेजारी उभ्या माणसाला तिथून हलण्याची मोकळीक नाही.

ही पद्धत बदलली ती न्यू ऑर्लीन्समध्येच जन्मलेल्या नॉर्बेर रिल्यू या अभियंत्याने. त्याची आई मुक्त कृष्णवर्णीय, वडील गोरे. शिक्षण पॅरिसला झालं. पाण्यावरचा दाब कमी केला की ते कमी तापमानाला उकळतं, हे तत्त्व त्याने कामाला लावलं. पहिल्या बंद भांड्यातून निघालेली वाफ दुसरं भांडं तापवते, दुसऱ्यातली तिसरं. जळण वाचतं, साखर करपत नाही आणि उकळत्या रसाजवळ कुणाला पळी घेऊन उभं राहावं लागत नाही. १८४३ साली त्याला पेटंट मिळालं. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या आपल्या साखर कारखान्यांत रस आटवणारी उंच भांड्यांची जी ओळ दिसते, ती याच तत्त्वावर चालते. आपल्या चहातली साखरही या माणसाचं ऋण घेऊन येते.

आता प्रालीन विकणाऱ्या बायका. लुईझियानात फ्रेंच आणि मग स्पॅनिश अमलात गुलामांना रविवारी स्वतःपुरतं काही कमावण्याची मुभा मिळे, आणि स्पॅनिश कायद्यात स्वतःची किंमत भरून मोकळं होण्याचा हक्क होता. डोक्यावर टोपली घेऊन तांदळाचे गोड वडे, कॉफी, फळं, मिठाई विकणाऱ्या कृष्णवर्णीय बायका या शहराच्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या दिसत. काहींनी फेरीच्या पैशांतून आपली आणि आपल्या माणसांची सुटका विकत घेतली. एकोणिसाव्या शतकात प्रालीन विकणाऱ्यांना स्वतंत्र नाव पडलं, प्रालिन्येर. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, पांढराशुभ्र एप्रन, मांडीवर टोपली आणि माश्या वारायला ताडपत्राचा पंखा. रात्री घरी पाक घोटायचा, सकाळी चौकात बसायचं. भांडवल किती? एक पातेलं, एक चमचा, साखर आणि झाडाखाली वेचलेली पिकानं. बाजारात ज्यांना दुसरं दार उघडं नव्हतं, त्यांनी या वडीवर घर चालवलं.

१९०० साली ‘पिकायून’ या तिथल्या वर्तमानपत्राने क्रिओल पाककृतींचं मोठं पुस्तक काढलं. त्यात प्रालीनला स्वतंत्र जागा आहे. त्यात खोबऱ्याच्या प्रालीनही आहेत, पांढऱ्या आणि गुलाबी. आपल्या ताटातल्या गुलाबी नारळवडीची ही सख्खी बहीणच. पण त्याच काळात दुकानांच्या डब्यांवर हसऱ्या, लठ्ठ, आज्ञाधारक ‘आये’चं विकृत चित्र छापायची चाल पडली. ज्या बायकांनी प्रालीन जगवली, त्यांचं व्यंगचित्र विकून दुसऱ्यांचे गल्ले भरले. लॉरेटा हॅरिसन यांचं महत्त्व मला यासाठी मोठं वाटतं. घरातल्या बायकांकडून आलेली कृती घेऊन त्यांनी स्वतःच्या नावाचं दुकान काढलं. प्रालीनची स्वतःची कंपनी यशस्वीपणे चालवणारी शहरातली पहिली कृष्णवर्णीय बाई म्हणून त्यांना ओळखतात. २०२२ मध्ये त्या गेल्या. पाटीवर त्यांचंच नाव आहे.

आणखी एक हात राहिला, कवच फोडणारा. १९३०च्या दशकात टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत हजारो मेक्सिकन-अमेरिकन बायका कोंदट खोल्यांत बसून पिकान सोलत. हवेत कवचाची पूड, क्षयाचा प्रादुर्भाव, मजुरी पौंडावर. तीत पौंडामागे एका सेंटची कपात झाली आणि ३१ जानेवारी १९३८ रोजी सुमारे बारा हजार कामगारांनी काम थांबवलं. एमा तेनायुका त्यांची पुढारी. वय एकवीस. पुढे किमान वेतनाचा कायदा आला आणि मालकांनी बायकांच्या जागी यंत्रं बसवली.

आता घरी करू. माझी पहिली खेप फसली ती जुलैत, ठाण्यात. लुईझियानात राहणाऱ्या मावसबहिणीने कृती सांगितली होती, पण बाहेर धो धो पाऊस होता. वड्या सकाळपर्यंत ओल्याच. फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, “ताई, पाऊस होता का गं?” पावसाच्या दिवशी पाक चढवायचा नाही, हे न्यू ऑर्लीन्सच्या बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे वडी सुकत नाही. आता मी दिवाळी ते होळी एवढ्याच दिवसांत करते.

प्रमाण असं: साखर ३०० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, दूध अर्धा कप, लोणी ८५ ग्रॅम, पिकानचे तुकडे १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, शेवटी थोडा व्हॅनिला. वीसेक वड्या होतात. ब्राउन शुगरऐवजी सगळा गूळ घालू नका. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असतं, ते साखरेला रवा धरू देत नाही. पिकान पूर्वी इथे परवडतच नसे. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क १०० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं, आता मोठ्या दुकानांत सापडतं. त्यात तेल भरपूर, म्हणून लवकर खवट होतं. पाकीट फ्रीझरमध्येच ठेवा.

व्हॅनिला सोडून सगळं एकत्र करून मध्यम आचेवर ठेवायचं. थर्मामीटर असेल तर ११५ अंश सेल्सिअस. नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब टाकायचा. बोटांनी गोळी वळली आणि दाबल्यावर चपटी झाली की झालं. हा आपला गोळीबंद पाक. या वेळी त्यात साखर सुमारे ८५ टक्के असते, बाकी मुख्यतः पाणी. निवताना एवढी साखर त्या पाण्याला पेलत नाही, ती बाहेर पडायला निमित्त शोधत असते. घोटणं हे ते निमित्त. चमच्याच्या प्रत्येक फेऱ्याने असंख्य बारीक कण एकाच वेळी जन्मतात आणि कुणालाच मोठं व्हायला जागा उरत नाही. म्हणून वडी रवाळ होते, खडबडीत होत नाही. लोणी आणि दुधातली प्रथिनं कणांच्या मध्ये शिरून तिला मऊ ठेवतात.

आपली चिक्की या घरातली नाही. तिचं सोयरं म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलंच शेंगदाण्यांचं ‘ब्रिटल’. त्याचा पाक १५० अंशांपर्यंत चढवतात, पाणी जवळजवळ सगळं उडून जातं आणि निवल्यावर साखरेची काच होते, कटकन मोडणारी. त्यात शेवटी खाण्याचा सोडा घातला की फेस येतो आणि काच हलकी होते. तिथे पाकाला हलवायचं नसतं, इथे हलवल्याशिवाय काही होत नाही. साखर तीच. एकीला हात लावायचा नाही, दुसरीला हाताशिवाय जन्म नाही.

म्हणून थर्मामीटर असूनही शेवटचा निकाल मी त्याच्यावर सोपवत नाही. आकडा पाक कधी उतरवायचा ते सांगतो, कागदावर कधी घालायचा ते सांगत नाही. ते मनगटाला कळतं. चमचा जड होतो आणि तकाकी जाते, त्या क्षणी पातेल्यापाशी मी एकटी असले तरी माझ्या मनगटात दुसऱ्या कुणाचं तरी शिकलेपण असतं. अर्धं माझ्या आईच्या नारळवडीचं, अर्धं चौकात टोपली घेऊन बसलेल्या त्या बायकांचं.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटात चकलीशेजारी दोन प्रालीन ठेवल्या. शेजारच्या काकूंनी एक मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “पाक छान साधलाय.” नाव त्यांनी नंतर विचारलं.