जुन्या मोटारीचे तडकलेले सुकाणूचक्र

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी तापवितो. थंड होताना धाव आकसते व चाकाला आवळून धरते. जुन्या मोटारींच्या सुकाणूचक्रास, म्हणजे रोजच्या बोलण्यातील स्टीअरिंगला, जे तडे जातात त्यांचे मूळ अशाच आकुंचनात आहे. मात्र येथे आवळणारा पदार्थ लोखंडासारखा चिवट नसून ठिसूळ असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ मोटारींत चक्राच्या आत पोलादी कडे व त्यावर साच्यात तापवून बसविलेले एबोनाइटचे कवच असे. रबरात भरपूर गंधक घालून ते तापविले म्हणजे हा कठीण पदार्थ होतो. अमेरिकेतील नेल्सन गुडइयर याने १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. उष्णतामान एक अंश सेल्सिअसने वाढले असता पोलाद लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते, तर एबोनाइट सुमारे ७५ भाग. चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर असल्यास परिघ सुमारे १२५ सेंटिमीटर भरतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील चक्र रात्री ४० अंशांनी निवले, तर पोलादी कडे ०.६ मिलिमीटर आखडते. कवचाला मात्र सुमारे पावणेचार मिलिमीटर आखडावयाचे असते. पोलाद त्यास अडविते. या ताणाने कवच वर्षानुवर्षे सोसून अखेर फाटते, बहुधा आरे कड्याला मिळतात तेथे. त्यातच उजेडाने एबोनाइटवर आम्ल तयार होते व तड्यातून शिरलेल्या ओलाव्याने पोलाद गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापीत असल्याने तडा आणखी रुंदावतो.

यावरून दुरुस्तीची रीत ठरते. वरवर लांबी फासून रंग दिल्यास तडा पुन्हा दिसू लागतो. म्हणून चक्र साबणाच्या पाण्याने धुऊन, तेलकटपणा काढून, तडा बारीक करवतीने व कानशीने प्रथम मोठा करावा. नवशिक्यास हे करणे जिवावर येते, परंतु तोंडाशी रुंद व तळाशी निमुळती अशी खाच थेट पोलादापर्यंत गेल्याशिवाय लांबीला पकड मिळत नाही. घासताना नाकातोंडास फडके बांधून भागत नाही. धूळ गाळणारा मुखवटाच हवा.

पोलाद उघडे पडले की त्याची कसून तपासणी करावी. कड्यालाच चीर असेल, गंजाने ते बारीक झाले असेल, किंवा आरा तुंब्यापाशी हलत असेल, तर लांबीने काहीही साधणार नाही. असे चक्र वळणावर चालकाच्या हातात निखळू शकते. ते प्रदर्शनात ठेवावे, रस्त्यावर नेऊ नये.

कडे शाबूत असल्यास गंज खरवडून, दोन द्रव्ये मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी लांबी खाचेत दाबून भरावी. मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरण्याची नेहमीची लांबी घट्ट होताना अधिक आकसते. तापलेल्या चक्रात तडे मिटलेले असतात. त्या वेळी भरलेली लांबी थंडीत ताणली जाते. यास्तव काम सावलीत, चक्र निवल्यावर करावे. लांबी पृष्ठभागाहून किंचित वर ठेवून एक दिवस घट्ट होऊ द्यावी. नंतर जाड व मग बारीक काचकागदाने, शेवटी पाण्याबरोबर, घासून गोलाई जुळवावी. अस्तर व रंगाचे पातळ हात द्यावेत. पुढील हिवाळ्यात भरलेल्या जागेच्या दोन्ही कडा भिंगाखाली पाहाव्यात. नवी चीर दिसलीच तर ती तेथेच प्रथम दिसते.