विस्तार आणि वाटचाल : 'स्टारफिल्ड' आणि बेथेस्डाच्या पूर्वीच्या खेळांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

कथा, चित्र, संगीत आणि वास्तुरचना यांचा एकत्रित वापर करणारा व्हिडिओ गेम हा प्रकार गेल्या काही दशकांत गंभीर अभ्यासाचा विषय बनला आहे. त्यातील 'रोल-प्लेइंग' म्हणजे भूमिकाधारी खेळात खेळाडू एक पात्र घडवितो आणि त्या पात्राच्या रूपाने कथेत वावरतो. हा खेळ 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मुक्तविश्व स्वरूपाचा असेल, तर कोठे जावे, कोणाला भेटावे आणि कोणते काम आधी हाती घ्यावे, हे बहुतांशी खेळाडूच ठरवितो. या प्रकाराच्या जडणघडणीत अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बेथेस्डा या कंपनीचा वाटा मोठा आहे. तिने १९९४ मध्ये 'द एल्डर स्क्रोल्स' ही मालिका सुरू केली. ६ सप्टेंबर २०२३ रोजी तिचा 'स्टारफिल्ड' हा अंतराळविषयक खेळ प्रसिद्ध झाला. सुमारे शंभर ताराप्रणाली आणि एक हजाराहून अधिक ग्रह असा त्याचा पसारा आहे. जगाचा विस्तार वाढला म्हणजे त्या जगातील प्रवासही समृद्ध होतो काय, हा प्रश्न या खेळाच्या निमित्ताने उपस्थित होतो.

लेखाची उद्दिष्टे :

१) बेथेस्डाच्या प्रमुख मुक्तविश्व खेळांतील विश्वरचनेच्या पद्धती समजून घेणे.
२) या खेळांतील प्रवासाचे स्वरूप कसे बदलत गेले, ते पाहणे.
३) या पार्श्वभूमीवर 'स्टारफिल्ड'चे वेगळेपण आणि मर्यादा स्पष्ट करणे.

विषय विवेचन :

अ) 'डॅगरफॉल' (१९९६) : विस्ताराचा पहिला प्रयोग

मालिकेतील 'डॅगरफॉल' या दुसऱ्या खेळाचे क्षेत्र सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर असल्याचे सांगितले जाते. त्यात १५,००० हून अधिक गावे, मंदिरे व भुयारे होती. इतकी स्थळे माणसांनी एकेक करून रचणे अशक्य होते. त्यामुळे त्यातील बहुतेक स्थळे संगणकीय नियमांच्या साहाय्याने तयार करण्यात आली. आधी बनविलेले तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून भुयारे उभी केली गेली. मुख्य कथेतील काही भुयारे मात्र स्वतंत्रपणे रचलेली होती. दोन गावांमधील अंतर चालून जाणे शक्य असले, तरी वाटेत पाहण्यासारखे फारसे काही नसल्याने खेळाडू नकाशावर ठिकाण निवडत आणि कथेतील काही दिवस लोटल्यावर तेथे पोहोचत. जग प्रचंड होते, पण वाट जवळजवळ नव्हतीच.

आ) 'मॉरोविंड' (२००२) : हाताने रचलेले बेट

यानंतर कंपनीने उलट दिशा धरली. 'मॉरोविंड'मधील बेटाचे क्षेत्र अवघे पंचवीस चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पण त्यातील बहुतेक प्रत्येक घर, गुहा आणि वस्तू रचनाकारांनी विचारपूर्वक ठेवलेली आहे. येथे नकाशावर बाण दिसत नाही. गावातील माणूस तोंडी पत्ता सांगतो : अमुक नदीच्या काठाने जा, पूल ओलांडल्यावर डावीकडे वळा. तो मजकूर वाचून, खुणा ओळखून खेळाडूला वाट शोधावी लागते. तो चुकतो, आणि चुकल्यामुळेच न शोधलेले काहीतरी त्याला सापडते. दूरच्या गावी जाण्यासाठी महाकाय कीटकांच्या पाठीवरील वाहने किंवा नावा असतात, पण त्यांचे मार्ग ठरलेले असल्याने कोणते गाव कोणत्या गावाशी जोडलेले आहे, हे हळूहळू लक्षात राहते.

सेदा नीन या पहिल्याच गावातून बाहेर पडल्यावर रस्त्यावर एक किंकाळी ऐकू येते आणि आकाशातून एक जादूगार कोसळून मरतो. त्याच्याजवळ उंच उडी मारण्याचे मंत्रपट आणि एक टिपणवही सापडते. मोहाने खेळाडू मंत्र वापरतो, उंच उडतो आणि खाली पडताना त्या जादूगाराच्या अपघाताचे कारण त्याला स्वानुभवाने उमगते. हा प्रसंग कोणी नेमून दिलेला नसतो. चालत गेल्यामुळेच तो भेटतो.

इ) 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) : सोय आणि समतोल

'ऑब्लिव्हियन'मध्ये दिशादर्शक बाण आला, संवाद पूर्णपणे ध्वनिमुद्रित झाले आणि नकाशावरून थेट प्रवासाची सोय झाली. पत्ता वाचून समजून घेण्याचे श्रम संपले. त्याचबरोबर गावकऱ्यांना दिनक्रम मिळाला. ते उठतात, कामाला जातात, जेवतात, झोपतात.

'स्कायरिम'ने ही सोय स्वीकारूनही वाट जिवंत ठेवली. मोठ्या शहरांपर्यंत घोडागाडी मिळते, पण इतर बहुतेक ठिकाणी पहिली खेप चालूनच करावी लागते. आरंभी रिव्हरवूड या खेड्याकडे जाताना डोंगरावर ब्लीक फॉल्स बॅरो हे प्राचीन दफनस्थळ दिसते. पुढे खेड्यातील दुकानदार आपली चोरीस गेलेली सोन्याची वस्तू तेथे असल्याचे सांगतो. नंतर दरबारातील जादूगारही एका शिलालेखासाठी तेथेच पाठवितो. आधी दृश्य, मग एका माणसाची अडचण, मग राज्याचे संकट, असे एकाच जागेला तीन पदरी अर्थ प्राप्त होतात. मात्र पात्ररचना सोपी होत गेली : 'मॉरोविंड'मधील २७ कौशल्ये 'ऑब्लिव्हियन'मध्ये २१ आणि 'स्कायरिम'मध्ये १८ झाली.

ई) 'स्टारफिल्ड' (२०२३) : जुन्या वाटेवर पुनरागमन

पात्ररचनेच्या बाबतीत 'स्टारफिल्ड' पूर्वीच्या दोन खेळांहून समृद्ध आहे. त्यात ८२ कौशल्ये आहेत. शिवाय पात्राचा पूर्वेतिहास संभाषणात उपयोगी पडतो. आई-वडील हयात असण्याचा पर्याय निवडल्यास कमाईतील काही भाग त्यांना नियमित पाठवावा लागतो, आणि त्यांच्या घरी जाऊन भेटताही येते. न्यू अटलांटिस, अकिला व निऑन ही शहरे हाताने रचलेली आहेत, आणि स्वतःचे यान जोडण्याची सोय या कंपनीच्या खेळांत अपूर्व आहे.

परंतु विश्वरचनेत हा खेळ 'डॅगरफॉल'च्या जवळ जातो. ग्रहावर जेथे यान उतरते, तेथील भूभाग संगणक त्या वेळी जुळवितो आणि त्यावर आधी बनविलेली ठिकाणे पेरतो. त्यामुळे एका ग्रहावर पाहिलेली ओसाड प्रयोगशाळा दुसऱ्या ग्रहावर पुन्हा भेटते. चिठ्ठ्या आणि मृतदेहही त्याच जागी असतात. मूळ आवृत्तीत प्रवास मुख्यतः तारकानकाशावर होतो : ठिकाण निवडायचे, झेप आणि अवतरणाची लहान दृश्ये पाहायची, पोहोचायचे. 'स्कायरिम'मधील दुकानदार रात्री दुकान बंद करून घरी जात. येथील बहुतेक दुकानदार अहोरात्र गल्ल्यावर उभे असतात. शहरांतील गर्दीलाही नावे नाहीत.

या पुनरावृत्तीचे एक समर्थन कथेतच आहे. शेवटी नायकाला आपले विश्व, मित्र व संपत्ती सोडून दुसऱ्या, जवळजवळ तशाच विश्वात जाता येते. तेच जग पुन्हा भेटणे हा येथे आशयाचा भाग आहे. तथापि, गमावण्याचे दुःख व्हायचे, तर त्या जागेशी आधी जिव्हाळा जडलेला असावा लागतो. जेथे वाटच नाही, तेथे तो जडणे कठीण असते.

कंपनीने पुढे केलेले बदल या संदर्भात बोलके आहेत. मे २०२४ मध्ये तपशीलवार नकाशे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जमिनीवरून फिरण्याचे वाहन देण्यात आले. ३० सप्टेंबर २०२४ च्या 'शॅटर्ड स्पेस' या पुरवणीतील कथानक एकाच ग्रहावरील, हाताने रचलेल्या प्रदेशात घडते. या पुरवणीचे स्वागत संमिश्र झाले. हस्तरचना आवश्यक असली, तरी ती एकटी पुरेशी ठरत नाही, असे यावरून दिसते.

निष्कर्ष :

१) १९९६ ते २०२३ या काळात बेथेस्डाची विश्वरचना विस्ताराकडून हस्तरचनेकडे आणि तेथून पुन्हा विस्ताराकडे गेली.
२) स्थळाला अर्थ येतो तो त्याच्या आकारामुळे नव्हे, तर तेथवर जाताना दिसलेल्या, ऐकलेल्या आणि चुकलेल्या गोष्टींमुळे. जादूगाराचा अपघात आणि डोंगरावरील दफनस्थळ ही त्याची उदाहरणे होत.
३) 'स्टारफिल्ड'मध्ये पात्ररचना व संभाषण यांत प्रगती दिसते, मात्र दोन स्थळांमधील अवकाश रिकामा राहिल्याने ती प्रगती पूर्णपणे फलद्रूप होत नाही.
४) यंत्राच्या साहाय्याने मजकूर, चित्रे आणि जगे अमर्याद प्रमाणात निर्माण करणे आज सुलभ झाले आहे. अशा वेळी किती निर्माण झाले, यापेक्षा ते परस्परांशी कसे जोडले गेले, हा प्रश्न साहित्य, भूगोल आणि संगणकशास्त्र या सर्वच शाखांच्या अभ्यासकांनी विचारात घ्यावा असा आहे.